दिवसाला चार नद्या

नदीचं काही नसतं हो, ती आपली वाहत असते. भानगड सगळी ओलांडणाऱ्याची. आणि ओलांडणारी मराठी घरातली पोटुशी सून असेल, तर मग विचारूच नका!

शिखा दिवसाला चार नद्या ओलांडायची. म्हणजे तशा नद्या दोनच, छोटी कालीसिंध आणि मोठी कालीसिंध. जाताना दोन, येताना दोन, झाल्या चार. देवासहून सकाळी साडेआठची सोनकच्छची बस. वाटेत छोटीवरचा पूल, तो डोळा लवेपर्यंत संपतो. मग सोनकच्छच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं, तरुण नावाच्या ड्रायव्हरच्या मॅजिकमध्ये, म्हणजे त्या इवल्याशा व्हॅनमध्ये, कोंबून घ्यायचं आणि मोठीचा रपटा पार करून गावातल्या शाळेत. रपटा म्हणजे काही पूल नव्हे. नदीच्या पात्रात टाकलेला सिमेंटचा बुटका रस्ता तो. आठ महिने त्याच्याखालून नदी जाते आणि चार महिने नदीच्या मर्जीवर असतं सगळं.

पूल आला की शिखाचा हात आपोआप ओढणीखाली जायचा आणि पोटावर दाबून बसायचा. छोटीवर दाबायची, मोठीवर दाबायची. तिचा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. एम.एस्सी. झालेली मुलगी, सातवी-आठवीला विज्ञान शिकवणारी. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "बसचा प्रवास चालेल, पुढच्या सीटवर बसा. आणि मागे जे दोनदा झालं, त्याचा नदीशी काडीचाही संबंध नाही." शिखाला ते पटलं होतं. पण हात जायचा तो जायचाच. त्याला कुठे एम.एस्सी. झालंय!

चौदावा आठवडा चालू होता. घरात ही गोष्ट फक्त मननला, तिच्या नवऱ्याला, माहीत होती. तिनं त्याला गणपतीच्या मूर्तीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, "आईंना सांगशील तर बघ!"

आई म्हणजे तिच्या सासूबाई, विद्युल्लताबाई. आता या दोघींमध्ये काय बिनसलं होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, सून भारीच आतल्या गाठीची.

शिखाचं माहेर धारचं. गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते, दुसऱ्यांदा. पहिलं गेलं तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या वेळी राखी आली. भाऊ एकुलता एक, शिखाला राहवेना. सासूबाई म्हणाल्या, "गरोदर बाईनं नदी ओलांडू नये, मुली. आपल्याकडे नाही ओलांडत. हर्षितला इकडे बोलाव, राखी इथे बांध." शिखा म्हणाली, "आई, चार तासांचा तर रस्ता आहे." आणि गेली. क्षिप्रा ओलांडली, घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडली, भावाला राखी बांधली, परत चंबळ, परत क्षिप्रा. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

दवाखान्यात ती पडून होती. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर सासूबाई फोनवर नणंदेशी बोलत होत्या. "नदी ओलांडली ना! मी सांगितलं होतं. पण ऐकतं कोण?"

एवढंच वाक्य. पण ते शिखाच्या काळजात जे रुतलं, ते वर्ष झालं तरी निघेना. तिनं भांडण काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, एकदाचा धूर निघून गेला असता. त्याऐवजी ती नुसती गप्प झाली. "चहा ठेवू?" "ठेव." "भाजी काय करायची?" "काहीही कर." घरात तिघंच माणसं, सासरे श्रीपादराव जाऊन सहा वर्षं झालेली, मनन सकाळी सहाला फॅक्टरीत. आणि त्या दोघी एका ओट्यावर, पाठीला पाठ लावून.

मग शाळा मिळाली. अतिथी शिक्षिका म्हणून, पक्की नाही. चार वर्षं फॉर्म भरून भरून हाती लागलेली. आठ दिवस गैरहजर राहिलं की दुसरीला बोलावतात, बाहेर रांगेत मुली उभ्याच असतात. सासूबाईंना दिवसांचं कळलं की काय होणार हे शिखाला पाठ होतं. शाळा बंद, बस बंद, नदी बंद, नऊ महिने घरात. आणि पुन्हा काही झालंच तर? त्या वेळी त्या काय म्हणतील, हेही तिला पाठ होतं. त्या भीतीनं तिला स्वस्थ बसवत नव्हतं. बसमध्ये ती दर दोन मिनिटांनी सीट बदलायची. फळ्यावर लिहिता लिहिता थांबायची. घरी आली की आधी बाथरूममध्ये जाऊन बघायची, सगळं ठीक आहे ना.

त्यात सासूबाईंचं वागणं हल्ली विचित्र झालेलं. दर मंगळवारी टेकडीवर माताजीला जाणारी बाई, पावसात छत्री घेऊन जाणारी, ती टेकडी सोडून बसली. भजनी मंडळ सोडलं. सकाळी शिखा चप्पल घालायला लागली की विचारायच्या, "निघालीस?" ती "हो" म्हणाली की लगबगीनं देवघरात शिरायच्या. संध्याकाळी दारातच प्रश्न. "आज बस किती वाजता निघाली? रपट्यावर पाणी होतं का? पाय ओले कसे झाले?" शिखाला वाटायचं, ही काय पोलीस चौकी आहे? नजर ठेवतायत माझ्यावर. काहीतरी वास लागलाय यांना.

एकदा तर मननवरच ओरडल्या. त्याला सुपारीची सवय. देवघरात चांदीच्या वाटीत तांदळावर सुपारी दिसली, तशी यानं हात घातला.

"हात लावू नकोस!" सासूबाई अशा ओरडल्या की मनन दचकून मागे झाला.

"अगं, एक उचलली तर काय बिघडलं? कधीपासून पडल्यात तिथे."

"तुझ्या डब्यातली खा. वाटीला हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

"बरं बाई," मनन म्हणाला, आणि शिखाकडे बघून डोळे मिचकावले. शिखाला हसू आलं नाही. म्हातारपणी माणूस चक्रम होतो म्हणतात, तसं काही होतंय की काय, असं तिच्या मनात आलं.

ऋषिपंचमी होऊन गेली, आणि एका सोमवारी तिमाही परीक्षेचा विज्ञानाचा पेपर होता. रविवारी रात्रभर पाऊस झाला होता, पण सकाळी जरा उघडलं. शिखा निघाली. सासूबाई दारात आल्या. त्या कधी "जाऊ नको" म्हणायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले.

"काय?" शिखानं विचारलं.

"काही नाही. छत्री घे."

सकाळी रपट्यावर घोटाभर पाणी होतं. तरुणनं मॅजिक सावकाश काढली. शिखाचा हात पोटावर. दुपारी पेपर सुरू होता आणि वर कुठेतरी, बागलीकडे म्हणा की आणखी कुठे, धो धो कोसळत होतं. एक वाजता मुलं ओरडत आली, "मैडम, रपटा डूब ग्यो!" शिखानं पेपर गोळा केले, गठ्ठा बांधला, सही केली. मग चारला शाळा सुटेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिली.

साडेचारला ती काठावर पोचली तेव्हा निम्मं गाव तमाशा बघायला उभं होतं. नदी गढूळ, फुगलेली, आणि काय तिचा आवाज! रपट्याच्या कडेचे दगडी खुंट दिसेनासे झालेले. पलीकडच्या काठावर तरुण मॅजिकला टेकून उभा. त्यानं हात हलवून खूण केली आणि फोन लावला.

"मैडम, आज तो नी निकलेगा. सुबह देखेंगे. रुक जाओ कहीं भी."

"तरुणभिया, अंधेरा होने में तो देर है. उतर जाएगा ना?"

"नदी है मैडम, नल थोड़ी है," तरुण म्हणाला.

तेवढ्यात मननचा फोन. तो पहिली शिफ्ट करून साडेतीनला घरी आला होता. आवाज घाबरलेला.

"शिखा, कुठे आहेस? काय पण कर, लवकर घरी ये. आई सकाळपासून देवापुढून उठलेली नाहीये. जेवली नाही, चहा नाही. मी म्हटलं, अगं तुझी शुगर! तर म्हणते, शिखा घरी आली की उठेन. तोपर्यंत नाही."

शिखाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कळलं यांना! नक्की कळलं.

"तू सांगितलंस?"

"देवाशप्पथ, नाही! मी एक अक्षर बोललो नाही."

"मग त्यांना कसं कळलं? आणि आता हे उपोषण? मला घरी बसवायला? सरळ तोंडावर सांगता येत नाही त्यांना?"

"अगं, तसं काही बोलत नाहीये ती. नुसती बसलीये."

"नुसतं कुणी बसत नाही, मनन!" म्हणून तिनं फोन ठेवला.

संतापानं तिला काही सुचेना. वर्षभर जे गिळलं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं. नदी ओलांडली ना, मी सांगितलं होतं. आता उपाशी राहून तेच सांगतायत! उद्या शुगर उतरून पडल्या तर? तेही माझ्यावरच येणार. सुनेनं सासूला उपाशी मारलं म्हणून सगळ्या देवासात बोभाटा. ती काठावर इकडून तिकडे फेऱ्या घालायला लागली. चिखलात चपला रुतत होत्या, ती उपसून काढत होती आणि पुन्हा चालत होती.

एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दहा-बारा माणसं, दोन बाया, एक शेळी. चालवणारा म्हणाला, "चलना है? दो मिनट का काम है. मैं तो रोज निकालता हूँ."

शिखा पुढे झाली. एक पाय ट्रॉलीवर ठेवला. आता जातेच, घरी पोचते, आणि त्यांच्या समोर उभी राहून सांगते की हो, आहेत मला दिवस, आणि हो, रोज चार नद्या ओलांडते मी, काय करायचं ते करा!

मागून कुणीतरी तिची ओढणी धरली. शाळेत मुलांचं जेवण रांधणारी गेंदाबाई. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, हाताला अजून पिठाचा वास.

"मैडमजी, दो जीव लई ने कां जई री हो? म्हारे सब दिखे हे."

शिखानं तिच्याकडे बघितलं. अख्ख्या जगापासून लपवलं म्हणत होती, आणि इथे चुलीपाशी बसणारीला दिसत होतं! तिनं नदीकडे बघितलं. पाण्यातून एक आख्खं बाभळीचं झाड गटांगळ्या खात गेलं. हात ओढणीखाली गेला. या वेळी तो सवयीनं गेला नव्हता. तिला खरोखरीच भीती वाटली, पोटातल्या जिवासाठी, आणि तिनं पाय खाली घेतला.

ट्रॅक्टर गेला. मध्यापर्यंत पोचला तेव्हा पाणी चाकाच्या वर, बाया किंचाळल्या, शेळी ओरडली. आणि मग तो सुखरूप पार झाला! ट्रॉलीतल्या एकानं मागे वळून हातसुद्धा हलवला. गेले असते तर पोचले असते की, असं शिखाला वाटलं, आणि स्वतःचाच राग आला. काय करावं माणसानं? गेलं तरी चुकतं, राहिलं तरी चुकतं.

तिनं फोन लावला. "मनन, मी येत नाही आज. आईंना फोन दे." काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं, एकेक शब्द धार लावून.

सासूबाईंचा आवाज आला, बारीक, कोरडा पडलेला. "कुठल्या काठाला आहेस?"

शिखाचे शब्द जागच्या जागी राहिले. "पलीकडच्या. शाळेच्या."

"पाणी किती आहे?"

"खुंट बुडालेत."

"मग तिथेच राहा. पाण्यात पाऊल घालायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. निजायची सोय आहे का? बायकामाणूस आहे का कुणी?"

"गेंदाबाई आहेत. त्यांच्याकडे राहते." शिखा गोंधळली. "आई, पण तुम्ही जेवून घ्या ना."

"तू घरी आलीस की."

"अहो, मी उद्या येणार!"

"मग उद्या," सासूबाई म्हणाल्या. "तू तिकडे बस, मी इथे बसलेय. काळजी करू नकोस." आणि फोन मननच्या हातात गेला.

ती रात्र शिखानं गेंदाबाईच्या घरात कूस बदलत काढली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी पाणी खुंटांच्या खाली उतरलं. तरुणनं आठ वाजता मॅजिक आणली. मोठी ओलांडली, छोटी ओलांडली, आणि साडेनऊला ती दारात होती.

स्वयंपाकघरात मननचे पोहे करपलेले. देवघरात सासूबाई पाटावर, पाठीला उशी, गुडघ्यावर शाल. चेहरा पांढराफटक. मनन दबक्या आवाजात म्हणाला, "रात्रभर इथेच. बाथरूमला गेली तेव्हा मला जागेवर बसवून गेली, म्हणाली जागा रिकामी ठेवायची नाही. काल डॉक्टरला फोन केला, तर साखर घातलेलं लिंबूपाणी तेवढं घेतलं. मला तर काही कळतच नाहीये."

सासूबाईंनी शिखाकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग हात जोडले, आणि समोरच्या चांदीच्या वाटीतून हळदकुंकू लावलेली सुपारी उचलून शिखाच्या तळहातावर ठेवली.

"आली बाई घरी," त्या म्हणाल्या.

"हे काय आई?"

"तूच. सकाळी तू चप्पल घातलीस की मी तुला इथे बसवते, आणि संध्याकाळी आलीस की उठवते. तुझे सासरे एकदा सत्यनारायणाला बसले होते, मी टायफॉइडनं पडलेली. शेजारी माझ्या जागी सुपारी ठेवली. भटजी म्हणाले, चालते. बायकोची चालते तर सुनेची का नाही चालणार? तू नदी ओलांडलीच नाहीस मुली. एकदासुद्धा नाही. तू रोज इथेच होतीस, माझ्यासमोर."

शिखानं सुपारी मुठीत धरली. "म्हणजे तुम्हाला... केव्हापासून?"

"दिव्याच्या अवसेपासून. कणकेचे दिवे उकडत होते, वाफ आली आणि तू तोंड दाबून पळालीस. मी काय कालची आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "कोणत्या तोंडानं बोलणार? मागल्या वेळी दवाखान्यात मी जे बोलले, ते तू ऐकलंस. मला ठाऊक आहे. दार उघडं होतं. दुःखानं बोलले गं, पण बोलले. शब्द काही परत उचलता येत नाही. मग म्हटलं, आपण आपलं गप्प बसायचं, आणि सुपारी ठेवायची. काल पाऊस बघून मी सकाळपासूनच बसले, आणि तू आली नाहीस, तर तुला एकटं टाकून मी जेवायला कशी उठू?"

शिखा खाली बसली, तशीच, चिखलाच्या सलवारीत. डोळे भरून आले आणि ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. वर्षभर मनात धरलेली अढी सुटत होती. मग वाटीकडे तिचं लक्ष गेलं. तांदळात आणखी एक सुपारी होती. छोटी, बोराएवढी, हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"ही?"

"तिला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू नोकरी करणारी, तुला रोज उठवावं लागतं. ती कुठे जात नाही, म्हणून मीही घर सोडत नाही. अवसेपासून ती घरीच आहे. माघात उठेल, नऊ महिने भरले की."

माघ नाही, फाल्गुन लागेल, असं शिखाच्या ओठावर आलं होतं. ती बोलली नाही. मननकडे बघितलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि उगाचच पंख्याचं बटण चालू-बंद करत होता.

"मन्या, पंखा जळेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते पोहे कुत्रंही खाणार नाही. शिखे, हात दे, पाय मेले झोपलेत माझे."

शिखानं त्यांना उठवलं, ओट्यापाशी बसवलं, भाकरी टाकली, दूध दिलं, समोर बसून खायला लावलं. चार घास पोटात गेले, तसा चेहऱ्यावर रंग आला. मग शिखा उठली, मननच्या डब्यातून एक सुपारी काढली, चांगली गरगरीत बघून, आणि देवघरात जाऊन छोटीच्या शेजारी तांदळात ठेवली.

"आता हे काय?" सासूबाई आतून ओरडल्या.

"ही तुम्ही," शिखा म्हणाली. "आज मंगळवार आहे. संध्याकाळी टेकडीवर जाऊन या. बाळाजवळ कुणीतरी बसलेलं हवं ना?"